राखेची वीट, पांढरा कोळसा आणि ४५ अंशांचं ऊन: वाचकांचे प्रश्न

उद्योग आणि बांधकामातल्या हरित बदलांबद्दल खान्देशातून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. सरकारी नियम, नवा माल, नवं इंधन यांबद्दलच्या तक्रारी पुष्कळ आहेत. पत्रं वाचताना एक जाणवलं: बहुतेक ठिकाणी माल चुकीचा नव्हता. पाणी कमी पडलं, ओल जास्त राहिली किंवा वजनकाटा वापरलाच नाही.

प्रश्न (वरणगाव): दीपनगरचं वीज केंद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. ठेकेदार म्हणतो, राखेच्या विटा घ्या, स्वस्त पडतील. गवंडी म्हणतो, नावच काढू नका, शेजारच्या घराच्या प्लास्टरला वर्षात तडे गेले. खरं कोणाचं? आणि वीट जागेवर तपासायची कशी?

उत्तर: गवंड्याने तडे पाहिलेत ते खरे, पण दोष राखेच्या माथी मारला तो चुकीचा. वीट कशी बनली आणि भिंतीत किती दिवसांची असताना गेली, यावर सगळं अवलंबून आहे.

आधी माल. २३० × ११० × ७५ मिमीची एक वीट साधारण ३ किलोची. म्हणजे १००० विटांना ३ टन माल लागतो. चांगल्या मिश्रणात वजनाने ५५ टक्के राख, ३५ टक्के क्रशरची डस्ट आणि १० टक्के सिमेंट असतं. हिशेब केला तर १६५० किलो राख, १०५० किलो डस्ट, ३०० किलो सिमेंट. म्हणजे हजारी ६ गोण्या. कारखान्यावर जाऊन एकच विचारा: 'हजारी किती गोण्या टाकता?' उत्तर ३ किंवा ४ आलं तर स्वस्ताईचं कारण कळलं. काही ठिकाणी सिमेंटऐवजी चुना आणि जिप्सम वापरतात. ती वीटही चांगली होते, पण चुना पूर्ण विरलेला नसेल तर भिंतीत गेल्यावर फुलतो आणि प्लास्टरला फोड आणतो. अशी वीट फोडून पाहिली की आत पांढरे ठिपके दिसतात.

दुसरी गोष्ट, राख कोणती. वीज केंद्रात धुरातून पकडलेली कोरडी, पिठासारखी राख वेगळी आणि पाण्याबरोबर बंधाऱ्यात सोडलेली तळ्याची राख वेगळी. कोरड्या राखेला आयएस ३८१२ हे मानक आहे. ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ३४ टक्क्यांहून जास्त राहू नये आणि न जळलेला कोळसा ५ टक्क्यांच्या आत असावा. तळ्याची राख जाड असते आणि सिमेंटशी तिचा संयोग फारसा होत नाही. ती डस्टच्या जागी चालेल, कोरड्या राखेच्या जागी नाही. रंग काळपट दिसला तर कोळसा जास्त आहे असं समजा.

तिसरी आणि आपल्याकडची मुख्य भानगड म्हणजे क्युरिंग, म्हणजे वीट ओली ठेवून मुरवणं. सिमेंटमधून सुटलेल्या चुन्याशी राखेचा संयोग होतो, तेव्हा विटेला ताकद येते. हा संयोग सावकाश होतो आणि ओल असेपर्यंतच होतो. एप्रिल-मेमध्ये भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा सकाळी मारलेलं पाणी दहा वाजेपर्यंत उडून जातं. मग आत ओल, बाहेर कोरडी साल. अशा विटेचे कोपरे बोटाने घासले तरी पीठ सुटतं. विटा मशिनमधून निघाल्यावर २४ तास सावलीत, मग ओल्या गोणपाटाखाली किमान १४ दिवस, आणि बांधकामाला घ्यायच्या त्या २८ दिवसांच्या झाल्यावर. ताजी वीट वाळताना आकसते. ती भिंतीत आकसली की तडा प्लास्टरवर दिसतो. शेजाऱ्यांच्या घरी बहुधा हेच झालं असणार.

जागेवरची तपासणी अशी करा. ट्रकच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या थरातून मिळून दहा विटा काढा. दोन विटा एकमेकींवर आपटा, आवाज टणक यायला हवा. कमरेएवढ्या, म्हणजे १ मीटर उंचीवरून कडक जमिनीवर सपाट सोडा, तुकडे होऊ नयेत. तीन विटा दोन दिवस कडक उन्हात वाळवून तोला, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून परत तोला. वाढ २० टक्क्यांच्या आत, म्हणजे ३ किलोच्या विटेला ६०० ग्रॅमच्या आत हवी. घरगुती चाचणी म्हणून एवढं पुरे. दुमजली बांधायचं असेल तर मात्र जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दाबाची चाचणी करून घ्या आणि प्रति चौरस मिलिमीटर ७.५ न्यूटनच्या खालची वीट परत पाठवा.

आता गवंड्यासाठी. मातीच्या विटेसारखी ही वीट टाकीत बुडवून ठेवू नये, नुसती शिंपडून ओलसर करावी. सांध्यातला सिमेंट-वाळूचा माल १:६ पुरे. कडक माल घातला की तो विटेपेक्षा मजबूत होतो आणि भिंत हलली की तडा विटेतून जातो. मशिनची वीट गुळगुळीत असते म्हणून सांधे ओले असतानाच १० मिमी खोल खरवडून ठेवा, त्याशिवाय प्लास्टर धरत नाही. कॉलम-बीम आणि भिंत जिथे भेटतात तिथे २०० मिमी रुंद जाळी मारा. बाकी सगळं जमलं आणि ही जाळी राहिली, तरी तडे त्याच रेषेत येतात आणि नाव विटेचं बदनाम होतं.

प्रश्न (चोपडा तालुका): तीस वर्षांपासून आमची वीटभट्टी आहे. चिमणी नाही, थर लावून पेटवतो. आता झिगझॅग करा म्हणतात. छोट्या भट्टीवाल्याने काय करावं? आमची माती काळी आहे, विटा तडकतात.

उत्तर: नियम आधी स्पष्ट करून घ्या. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची अधिसूचना २२ फेब्रुवारी २०२२ ची आहे. त्यानुसार भट्टी झिगझॅग किंवा उभ्या शाफ्टची असावी किंवा पाइपने येणाऱ्या गॅसवर चालावी. जुन्यांना बदलासाठी हवा खराब असलेल्या शहरांच्या १० किमी परिसरात एक वर्ष आणि इतरत्र दोन वर्षं दिली होती. जळगाव शहर त्या यादीत आहे. म्हणजे दोन्ही मुदती संपल्या. नवी भट्टी वस्ती आणि फळबागेपासून ८०० मीटर आणि दुसऱ्या भट्टीपासून १ किमी दूर हवी. रावेर-यावल-चोपड्याच्या केळीच्या पट्ट्यात जागा शोधताना ही अट सगळ्यात जड जाते. टायर, प्लास्टिक, पेटकोक जाळायला बंदी आहे. चटई कारखान्यांचा भंगार धागा भट्टीत टाकण्याची सवय कुठे असेल तर ती आजच मोडा. धूर मजुरांच्या छातीत जातोच, शिवाय तपासणीत पहिली नजर तिथेच पडते.

झिगझॅगमध्ये विटा अशा रचतात की गरम हवा सरळ न जाता नागमोडी जाते. तिचा रस्ता लांबतो, विटांशी संपर्क वाढतो आणि कोळसा उजळून जळतो. जुन्या सरळ हवेच्या चिमणी भट्टीपेक्षा साधारण पाचवा हिस्सा इंधन वाचतं. तुमच्या थराच्या भट्टीच्या तुलनेत बचत याहून बरीच जास्त, कारण थराच्या भट्टीत अर्धी उष्णता आभाळात जाते. पण बचत रचनेवर आणि झोकाऱ्यावर, म्हणजे कोळसा टाकणाऱ्यावर, आहे. कोळसा बारीक करून, झाऱ्याने थोडा थोडा आणि सतत टाकावा लागतो. एकदम टोपलं ओतलं की काळा धूर आणि खालच्या विटा वितळून चिकटलेल्या. वरचा राखेचा थर पातळ राहिला किंवा भिंतीत फटी राहिल्या, तर बाहेरची हवा घुसते आणि पंख्याची ओढ वाया जाते. पंख्याची भट्टी घेणार असाल तर जनरेटर धरूनच खर्च काढा, वीज गेली की आग मागे वळते.

आमचं मत विचाराल तर हंगामाला दोन-चार लाख विटा काढणाऱ्याने एकट्याने झिगझॅगच्या नादी लागू नये. तिचा खर्च मोठ्या उत्पादनावरच निघतो. चार-पाच भट्टीवाल्यांनी मिळून एक करावी, नाहीतर राखेच्या विटांचं मशिन टाकावं. २०२१ च्या राखेच्या अधिसूचनेनुसार औष्णिक केंद्रापासून ३०० किमीच्या आतल्या इमारतींनी राखेची उत्पादनं वापरायची आहेत, भाव पर्यायी मालापेक्षा जास्त नसेल तर. दीपनगरपासून ३०० किमीत सगळा खान्देश येतो. म्हणजे गिऱ्हाईक आहे.

काळ्या मातीचं सांगायचं तर ती ओली असताना फुगते, वाळताना आकसते, म्हणून कच्ची वीटच सावलीत तडकते. वजनाने २५ टक्के राख घालून सुरुवात करा. राख आकसत नाही, शिवाय तिच्यातला न जळलेला कोळसा विटेच्या आतून जळतो. ५० विटांचे तीन घाणे करा, २५, ३० आणि ४० टक्क्यांचे, आणि वाळल्यावर किती तडकल्या ते मोजा. राख आणि माती कोरडी असतानाच मिसळायची, ओल्या चिखलात टाकलेल्या राखेच्या गोळ्या राहतात आणि भाजल्यावर तिथे खड्डे पडतात.

प्रश्न (अमळनेर): स्लॅब मे महिन्यात येतोय. इंजिनिअर पीपीसी सिमेंट सांगतात, पर्यावरणाला चांगलं म्हणतात. सेंटरिंगवाला म्हणतो त्याने स्लॅब उशिरा सुकतो.

उत्तर: सेंटरिंगवाल्याला प्लेटा लवकर पुढच्या जागी न्यायच्या असतात, त्याचं दुखणं ते आहे. पीपीसीमध्ये १५ ते ३५ टक्के राख असते, तेवढा भाजलेला चुनखडीचा क्लिंकर कमी लागतो. सिमेंटचं बहुतांश कार्बन उत्सर्जन क्लिंकरमधूनच येतं: चुनखडी तापवली की तिच्यातलाच कार्बन डायऑक्साइड सुटतो, भट्टीला कितीही स्वच्छ इंधन दिलं तरी. म्हणून राख मिसळणं हा आजमितीला सगळ्यात सोपा उपाय आहे. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी मिसळलेल्या सिमेंटलाही २०२३ मध्ये आयएस १८१८९ हे मानक मिळालं, पण तालुक्याच्या दुकानात मिळणारं म्हणून पीपीसीच धरा.

किंमत मोजायची ती पाण्यात आणि दिवसांत. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी, कोरड्या-उष्ण हवेत १०. राखेच्या सिमेंटला किमान १०, आणि आपल्या उन्हाळ्यात १४ दिवस. ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू साध्या सिमेंटमध्ये ७ दिवसांनी काढता येतात. पीपीसीला १० ते १४ द्या. स्लॅब संध्याकाळी चारनंतर टाका, खडीवर आदल्या रात्री पाणी मारून ठेवा, मिक्सरच्या टाकीत उन्हात तापलेलं पाणी घेऊ नका. टाकल्यावर दोन तासांतच वर केसासारख्या रेघा दिसल्या तर ते सिमेंटचं पाप नाही, वाऱ्याने वरचं पाणी ओढून नेलं. लगेच प्लास्टिक अंथरा, दुसऱ्या दिवशी मातीचे वाफे बांधून पाणी तुंबवा.

प्रश्न (पारोळा): आजोबांचं धाब्याचं घर उन्हाळ्यात थंड राहायचं. आरसीसीत रात्री अकरापर्यंत भिंती तापलेल्या. एसी न लावता काही?

उत्तर: धाब्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर असायचा, उष्णता खाली यायला रात्र उजाडायची. १२५ मिमीचा उघडा स्लॅब दुपारीच तापतो. सगळ्यात आधी गच्ची पांढरी करा. चुन्याचे दोन हात, त्यात फेविकॉलसारखा डिंक, दर वर्षी होळीनंतर. टिकाऊ हवं असेल तर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा चायना मोझॅक, पाण्याच्या उतारासह. नवं बांधत असाल तर वॉटरप्रूफिंगच्या वर ५० मिमी उष्णता अडवणारा एक्सपीएस फोम आणि त्यावर फरशी. पश्चिमेच्या खिडकीवर ६०० मिमीचं छज्जं नुसतं शोभेचं ठरतं, कारण दुपारचं ऊन तिरपं येतं. तिथे बांबूचा चिक किंवा उभ्या पट्ट्या बाहेरून लावा.

प्रश्न (धुळे): तेल गाळप आणि रिफायनिंगचा कारखाना आहे. २ टनाचा कोळशाचा बॉयलर. पांढऱ्या कोळशावर गेलो तर शेगडीवर दगड बसतात आणि वाफ पडते. परत कोळशावर जावं का?

उत्तर: थांबा. दगड बसण्याची कारणं ठरलेली आहेत आणि ती दूर होतात.

पांढरा कोळसा, म्हणजे काडीकचऱ्याच्या ब्रिकेट, आपल्याकडे मुख्यतः कपाशीच्या काड्यांच्या. या काड्यांच्या राखेत पोटॅश भरपूर असतं. पोटॅशमुळे राख कमी तापमानाला वितळते आणि शेगडीवर कडक पोळी बसते. त्यात शेतातून काडी मुळासकट उपटून आणली, की मुळांची माती आली. माती आणि पोटॅश एकत्र तापले की काचच बनते. म्हणून पुरवठादाराकडून राखेचं प्रमाण लिहून घ्या. ६ टक्क्यांच्या वर राख निघाली तर काडीत माती आहे. ब्रिकेट वाळूसारखी करकरत असेल, तर साचा झिजलेला आणि शेगडी भरणार हे नक्की.

जाळण्याची पद्धतही बदलावी लागते. कोळशात उडणारा भाग साधारण तिसरा हिस्सा, काडीत तो ७० टक्के. म्हणजे ही आग शेगडीवर कमी आणि शेगडीच्या वर जास्त जळते. खालून कोळशाइतकीच हवा दिली तर थर पांढराफटक तापतो, राख वितळते आणि वर गेलेला वायू न जळता धुराबरोबर जातो. खालची हवा कमी करा, थराच्या वर दुय्यम हवेची नळी द्या. पातळ थर, थोडं थोडं इंधन, आणि दर शिफ्टला शेगडी हलवून राख पाडा. तापलेल्या थरात सळई खुपसून ढवळायची सवय मोडा, तसं केल्याने वितळलेली राख थंड राखेत मिसळून तिचा गोळा होतो. नळ्यांवरची काजळी कोळशापेक्षा लवकर साचते. चिमणीच्या धुराचं तापमान रोज लिहा. ते साधारण २२ अंशांनी चढलं की कार्यक्षमता एक टक्क्याने पडली, नळ्या झाडायची वेळ आली.

सुरुवातीला एक भाग ब्रिकेट आणि तीन भाग कोळसा असं मिश्रण महिनाभर चालवा, मग हळूहळू वाढवा. लाकडाच्या भुश्याची ब्रिकेट मिसळली तर पोटॅशचा त्रास कमी होतो.

वाफ पडते त्याचं दुसरं कारण ओल. चांगल्या ब्रिकेटचा उष्मांक किलोला ३८०० किलोकॅलरीच्या आसपास, ओल १० टक्क्यांच्या आत. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेली ब्रिकेट ओल पिते, फुगते, भुगा होते. तिच्यातलं पाणी उडवण्यातच आग खर्च होते. गाडी आली की १०० ग्रॅम भुगा करून १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. ८८ ग्रॅम उरलं तर १२ टक्के ओल, तेवढे पैसे कापा. आणि भाव टनावर न ठरवता भागिले उष्मांक करून ठरवा. मे अखेरीस तीन महिन्यांचा साठा छपराखाली, जमिनीपासून वर, भिंतीपासून दूर ठेवा.

स्वतःच ब्रिकेट पाडायच्या असतील तर काडीची ओल ८ ते १२ टक्के हवी. १५ च्या वर गेली तर साच्यात वाफ होऊन ब्रिकेट फुटते. काड्या फरदड (त्याच झाडांवर पुढे लांबवलेलं कपाशीचं पीक) न घेता जानेवारीतच उपटल्या तर गुलाबी बोंडअळीचं चक्रही तुटतं. कृषी विभागही तेच सांगतो, त्यामुळे शेतकऱ्याला पटवायला सोपं जातं. काडीला चिकटलेला कापूस कटरच्या शाफ्टला गुंडाळला जातो, तो दर दोन तासांनी काढावा लागतो. इंधन बदलताना प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्रात नोंद बदलून घ्या. भट्टीच्या रचनेत फेरफार करायचा असेल तर बाष्पके संचालनालयाची मंजुरी आधी.

या सगळ्याच्या आधी एक काम करा, त्याला पैसे फार लागत नाहीत. वाफेचं पाणी परत टाकीत येतं का? बॉयलरच्या भरणीचं पाणी दर ६ अंशांनी गरम गेलं की इंधन सुमारे एक टक्क्याने वाचतं. ३० अंशांऐवजी ८४ अंशांचं पाणी गेलं तर ९ टक्के. आम्हाला वाटतं, कारखान्याचा पहिला हरित प्रकल्प हाच असावा. फोटो चांगला येत नाही म्हणून त्याची जाहिरात होत नाही, इतकंच.

प्रश्न (जळगाव एमआयडीसी): डाळमिलवर १०० किलोवॉट सोलर बसवलं. मे महिन्यात ८० च्या वर जात नाही, आणि बिलात पॉवर फॅक्टर घसरला. कंपनीने फसवलं का?

उत्तर: पहिल्या तक्रारीत फसवणूक दिसत नाही. पॅनलची क्षमता २५ अंशांना मोजतात. मे महिन्यात पत्र्यावरच्या पॅनलचं तापमान ७० पर्यंत जातं. दर अंशाला ०.३५ टक्के घट धरली तर ४५ अंशांना साधारण १६ टक्के गेले, वर धूळ. पॅनल पत्र्याला चिकटून असतील तर घट आणखी. खाली १०० ते १५० मिमी हवा खेळायला हवी. वर्षाचा आकडा पाहा: किलोवॉटला १४०० ते १५०० युनिट, म्हणजे १०० किलोवॉटला दीड लाखाच्या आसपास निघत असतील तर यंत्रणा ठीक आहे.

डाळमिलची धूळ साधी नसते. डाळीला पॉलिशला तेल लावतात, ते धुळीबरोबर पॅनलवर बसतं आणि पहाटेच्या दवाने चिकटतं. दर पंधरा दिवसांनी, सूर्य वर यायच्या आत, मऊ ब्रशने धुवा. बोअरचं जड पाणी वापरलं तर क्षारांचे पांढरे डाग पडतात आणि ते पुन्हा निघत नाहीत, सॉफ्टनरचं पाणी घ्या. मिलच्या धूळ पकडणाऱ्या सायक्लोनचं तोंड पॅनलकडे असेल तर ते वळवणं हा खरा उपाय.

दुसरी तक्रार मात्र खरी आणि तिचा इलाज करायला हवा होता. सोलर फक्त कामाची वीज देतं. मोटारींना लागणारी चुंबकीय वीज पूर्वीइतकीच ग्रिडकडून येते. ग्रिडकडून घेतलेली कामाची वीज कमी झाली आणि दुसरी तशीच राहिली, म्हणून मीटरला पॉवर फॅक्टर पडलेला दिसतो. उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे दोन्ही प्रकारची वीज धरून, निघतं, तिथे हा फरक थेट पैशांत दिसतो. कॅपॅसिटर पॅनलचा सीटी (प्रवाह मोजणारी कडी) सोलरच्या जोडणीच्या ग्रिडकडच्या बाजूला आहे का ते बघा, आणि लहान पायऱ्यांचे, ५ आणि १० केव्हीएआरचे कॅपॅसिटर वाढवा. इन्व्हर्टरमध्येही पॉवर फॅक्टर ठरवता येतो, बसवणाऱ्याकडून ०.९५ वर करून पाहा. डिमांड चार्ज सोलरने कमी होत नाही, कारण संध्याकाळी मिल चालली की मागणी पूर्वीइतकीच नोंदवली जाते.

आणखी एक, न विचारलेलं: पावसाआधीच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, तोच वारा तुमच्या छपरावरून जातो. पॅनलचे क्लँप नुसत्या पत्र्याला न धरता खालच्या आडव्या लोखंडी पर्लिनला धरलेत का, हे मे सुरू व्हायच्या आधी वर चढून बघा.

प्रश्न (जळगाव): पीव्हीसी पाइपचा छोटा कारखाना. शिसं बंद करून कॅल्शियम-झिंकवर आलो तर पाइप पिवळा पडतो, कधी साच्यात जळतो.

उत्तर: पाण्याच्या पाइपमधून शिसं काढायचे नियम २०२१ मध्ये आले, त्यामुळे मागे फिरता येत नाही. शिशाच्या स्टॅबिलायझरला (पीव्हीसी तापताना तुटू नये म्हणून घालतात ते रसायन) चुका खपतात, कॅल्शियम-झिंकला खपत नाहीत. पीव्हीसी तापलं की हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटतं, ते आणखी पीव्हीसी तोडतं, म्हणून माल एका जागी थांबला की पिवळा, तपकिरी, काळा असा जातो. बॅरलचे झोन ५ अंशांच्या पायरीने खाली आणा. ॲडॉप्टर आणि डायमध्ये माल थांबणारे कोपरे पॉलिश करा. हॉट मिक्सर ११५ ते १२० अंशांना रिकामा करा आणि कूलरमध्ये ४५ च्या खाली उतरल्यावरच गोण्या भरा. मे महिन्यात कूलरचं पाणीच ३५ अंशांचं असतं, तेव्हा वेळ वाढवावी लागते. लाइन थांबवताना आत माल सोडू नका, पर्जिंग कंपाउंड ओढून मगच हीटर बंद करा. जुन्या शिशाच्या पाइपचं भंगार नव्या मालात मिसळलं तर शिसं परत आलं आणि तपासणीत सापडलं, ते वेगळं ठेवा.

प्रश्न (शिंदखेडा तालुका): छोट्या उद्योगांसाठीचं केंद्राचं झेड (मालात दोष शून्य, पर्यावरणावर दुष्परिणाम शून्य) प्रमाणपत्र घ्यावं का?

उत्तर: घ्या. फी ब्राँझ या पहिल्या पातळीला १०,००० रुपये, तीत सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सवलत. विजेचं बिल त्याने आपोआप उतरत नाही, पण मोजमापाच्या वह्या सुरू होतात.

प्रश्न (धुळे, अवधान): आम्ही नटबोल्ट बनवतो. युरोपच्या गिऱ्हाइकाने कार्बनचे आकडे मागितले. कुठून आणायचे?

उत्तर: युरोपचा सीबॅम, म्हणजे सीमेवरचा कार्बन आकार. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून पैशांचा भाग सुरू झाला. पोलाद आणि त्याचे बोल्ट त्यात येतात. प्लास्टिकच्या चटया आणि केळी येत नाहीत. तुमचं गिऱ्हाईक असा माल वर्षाला एकूण ५० टनांहून कमी आयात करत असेल तर त्याला सूट आहे, आधी ते विचारा.

तुमचा स्वतःचा वाटा लहान असतो. मोठा आकडा येतो तो विकत घेतलेल्या वायर रॉडमधून. समजा रॉडचा आकडा टनाला २.५ टन कार्बन डायऑक्साइड आहे आणि १ टन बोल्टला १.१ टन रॉड लागतो. गुणाकार २.७५. त्यात तुमच्या उष्णोपचार भट्टीचं इंधन मिळवा: डिझेल लिटरला २.६८ किलो, एलपीजी किलोला सुमारे ३ किलो. विजेचा आकडा पोलादाच्या आकारात धरत नाहीत, पण गिऱ्हाईक बहुतेक विचारतंच. युनिटला साधारण ०.७ किलो लिहा.

म्हणून रॉडवाल्याकडून आकडा लेखी घ्या. तो दिला नाही तर युरोपने ठरवलेला सरसकट आकडा लागतो आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो. इंडक्शन फर्नेसचा माल म्हणून तो स्वच्छ असंही समजू नका. जालन्याकडच्या फर्नेसमध्ये भंगार किती आणि कोळशावर केलेलं स्पंज आयर्न किती, हे विचारा. भंगार जास्त असेल तर आकडा पुष्कळ उतरतो, स्पंज जास्त असेल तर मोठ्या पोलाद कारखान्यापेक्षाही वर जाऊ शकतो. आपल्या पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये टनाला २.२ टनांच्या खालचं पोलाद हरित ठरवलं आणि १.६ च्या खाली पाच तारे दिले. पुरवठादाराशी बोलताना हे आकडे हाताशी ठेवा. आणि वाया जाणारा १०० किलो रॉड कमी केलात तर अडीचशे किलो कार्बन डायऑक्साइड कमी झाला, त्यासाठी कोणाच्या प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही.

प्रश्न (भडगाव): गिरणेची वाळू मिळत नाही, मिळते ती चोरीची. क्रशरची वाळू चालेल?

उत्तर: चालेल, आयएस ३८३ ने २०१६ मध्येच मान्य केली आहे. पण क्रशरखालची डस्ट वेगळी आणि व्हीएसआय या दगड फोडायच्या मशिनवर गोल करून धुतलेली एम-सँड वेगळी. डस्टचे कण चपटे असतात, पाणी जास्त मागतात आणि पाणी वाढलं की काँक्रीट कमजोर. काचेच्या बरणीत निम्मी वाळू, निम्मं मिठाचं पाणी घालून हलवा, तीन तास ठेवा. वरचा गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या दहाव्या हिश्श्याहून जाड दिसला तर आमच्या हिशेबी ती गाडी परत. प्लास्टरसाठी वेगळी, बारीक चाळलेली मागवा; काँक्रीटची वाळू भिंतीवर मारली की थापी ओढताना खडे रेघा काढतात.